डायलवरचे दोन टक्के

व्हेपोरायझरचा डायल दोनवर आणला की पेशंटला दोन टक्के सेव्होफ्लुरेन मिळतं, असं सर्जनला वाटतं. नव्या सिस्टरलाही वाटतं. डायल फक्त एवढंच सांगतो, की त्या डब्यातून बाहेर काय पडतंय. तिथून पुढे नळ्या आहेत, सोडालाइम आहे, रबरी बॅग आहे, मग फुप्फुसं, हृदय, रक्त, आणि सगळ्यात शेवटी मेंदू. तिथे पोचेपर्यंत या औषधाचा उपयोग शून्य. वाटेत थोडं विरघळतं, थोडं गळतं, थोडं नको तिथे जाऊन बसतं. मेंदूत नेमकं किती पोचलं ते ऑपरेशन टेबलावर कुणालाही मोजता येत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञाचा सगळा व्यवसाय अंदाजावर चालतो. माझा तो चालला पुण्याच्या मंडईच्या आसपास.

आसपास म्हणजे शुक्रवार, बुधवार, सदाशिव आणि रविवार पेठेतली छोटी हॉस्पिटलं. एकेकाळी यांतली बरीचशी वाडे होती. तळमजल्यावर केमिस्ट, पहिल्या मजल्यावर ओपीडी, दुसऱ्यावर ओटी, आणि लिफ्ट अशी, की स्ट्रेचर आडवं आत जात नाही. कॉलवर जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला स्वतःचं हॉस्पिटल नसतं आणि खरं तर स्वतःचे पेशंटही नसतात. एक बॅग असते आणि एक फोन. सकाळी सातला मंडईशेजारून चालत निघालं की कोथिंबिरीचे ढीग ओलांडत पहिल्या केसला, दुपारी बोहरी आळीजवळ दुसऱ्या, आणि रात्री कुठे सिझेरियन निघालं तर तिसऱ्या. पेशंट म्हणजे गाळेवाले, हमाल, तुळशीबागेतले दुकानदार, त्यांच्या बायका, आया, सुना. भुलीचं यंत्र म्हणजे बॉईल्स. निळ्या सिलिंडरमध्ये नायट्रस, काळ्या-पांढऱ्यात ऑक्सिजन, वर एक व्हेपोरायझर, आणि समोर बेन सर्किट. मॉनिटरवर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. श्वासातल्या भुलीच्या वाफेचं प्रमाण दाखवणारा एजंट मॉनिटर तिथे मी कितीतरी वर्षं पाहिला नाही.

हा अंदाज गणितावर बसवायची धडपड जुनी आहे. कॉलऱ्याच्या पंपामुळे सगळ्यांना माहीत असलेला लंडनचा जॉन स्नो हा मुळात भूल देणारा डॉक्टर. 1847 मध्ये, ईथर नुकतंच वापरात आलं होतं तेव्हा, त्याने कुठल्या तापमानाला हवेत ईथरची किती वाफ मावते याचा तक्ता करून ठेवला. ईथर 35 अंशाच्या आतबाहेर उकळतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पंखा असलेल्या आणि एसी नसलेल्या ओटीत ज्यांनी ईथर दिलं ती आमच्या आधीची पिढी. त्या लोकांना स्नोचा तक्ता न वाचताही पाठ असणार.

पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर केटी, सेव्हरिंगहाउस, ईगर अशा लोकांनी वायू शरीरात शिरतो कसा याचा हिशेब मांडला. कार्डिफच्या मेपल्सनने 1960च्या दशकात चक्क विजेचं सर्किट बांधलं: रोध म्हणजे रक्तप्रवाह, धारित्र म्हणजे अवयव, आणि व्होल्टेज म्हणजे वायूचा दाब. बॉस्टनच्या डॉ. जेम्स फिलिप यांनी 1980च्या दशकात तेच संगणकाच्या पडद्यावर आणलं, त्या प्रोग्रॅमचं नाव ‘गॅस मॅन’. एम.डी. करताना एका सरांनी तो आम्हाला दाखवला, तेव्हा अभ्यासिकेतल्या धुळकट संगणकावर रंगीत पट्ट्या भरताना बघून आम्ही जिन्यात चहा प्यायचा विसरलो होतो.

त्या पट्ट्यांमागचा माणूस ठरलेला आहे. वजन 70 किलो. हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त फेकतं, फुप्फुसांत कामाची हवा मिनिटाला 4 लिटर खेळते. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, यकृत हे सगळं मिळून शरीराच्या वजनाच्या जेमतेम दहावा हिस्सा, पण रक्ताचा तीन चतुर्थांश ओघ त्यांच्याकडे. त्यामुळे सेव्होफ्लुरेन मेंदूत तीनेक मिनिटांच्या हिशेबाने भरतं. स्नायूंना दोन तास लागतात. चरबीला रक्त इतकं कमी मिळतं आणि तिच्यात औषध इतकं मावतं, की ती भरायला दिवस पुरत नाही. ‘जाड माणसाला भूल जास्त लागते का हो?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून हमखास येतो. अर्ध्या तासाच्या ऑपरेशनमध्ये चरबीला औषधाचा वासही लागत नाही, हे त्याचं खरं उत्तर. पण ते पटत नाही कुणाला.

मंडईत हा 70 किलोचा माणूस मला कधी भेटला नाही.

भेटला तो हमाल. वजन बावन्न-त्रेपन्न, अंगावर चरबी औषधालाही नाही, पाठीचे आणि मांडीचे स्नायू दगडासारखे. घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी मंडईत पोती उतरवणारे हात लागतातच. याला हर्निया झालेला. एरवी हर्नियाला आम्ही मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतो. स्वस्त, सोपं, आणि पेशंट जागा राहतो. हा म्हणाला, ‘मॅडम, पाठीत सुई नको. पाठ गेली तर खाऊ काय?’ सुईने पाठ जात नाही हे मी सांगितलं, सर्जनने सांगितलं. पण ज्याचं पोट पाठीवर आहे त्याच्याशी पाठीबद्दल वाद घालणारी मी कोण? संपूर्ण भूल द्यायचं ठरलं.

हे नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं, कारण तोपर्यंत मी आठवड्यातले काही दिवस तिकडे जायला लागले होते आणि त्याला तिथे एका योजनेतून दाखल केलेलं होतं. तिथे एजंट मॉनिटर होता. मेंदूतलं मोजता येत नसलं तरी श्वास सोडताना शेवटी जी हवा बाहेर येते, ती फुप्फुसाच्या तळातली असते. तिच्यातलं प्रमाण हा मॉनिटर प्रत्येक श्वासाला दाखवतो. एव्हाना माझ्या फोनवर ‘गॅस मॅन’सारखंच एक मॉडेल आलं होतं. वय, वजन, ताज्या वायूचा प्रवाह, डायलचा आकडा घातला की ते पुढचा आलेख काढतं. मी खिशातल्या डायरीत एका बाजूला फोनचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला मॉनिटरचा आकडा लिहायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा पेपरही व्हायचा नव्हता. मला फक्त बघायचं होतं, की इतकी वर्षं ज्या चित्राच्या भरवशावर मी मॉनिटर नसताना काम केलं, ते चित्र मंडईच्या माणसांना लागू पडतं का.

हमालाच्या बाबतीत पहिली काही मिनिटं फोन आणि मॉनिटर यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. फोन म्हणत होता, आता फुप्फुसांत दीड टक्का असेल. मॉनिटर एकाच्या खालीच. कारण सरळ होतं. तो घाबरला होता, नाडी एकशे दहावर. हृदय जितक्या जोरात रक्त फेकतं तितकं रक्त फुप्फुसांतून औषध उचलून नेतं, आणि फुप्फुसांतली पातळी वर चढायला उशीर लागतो. भीती मॉडेलला माहीत नाही. तो झोपला, नाडी सत्तरवर आली आणि दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही आकडे असे जवळ आले, की माझी पेन्सिल थबकली. मग ऑपरेशन संपेपर्यंत ते हातात हात घालून चालले.

हेच पुढे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. मधल्या सपाटीवर मॉडेल बरोबर असतं, आणि बऱ्याचदा आश्चर्य वाटेल इतकं बरोबर. चढावर आणि उतारावर ते चुकतं. चुकतं तेव्हाही शरीरामुळे कमी आणि आमच्यामुळे जास्त: मास्क गालावर नीट बसत नाही, दाढीतून गळतं, मी दोन मिनिटं नळी घालण्यात गुंतते आणि तेवढा वेळ श्वास बंद असतो, पोटात दुर्बिणीसाठी गॅस भरल्यावर फुप्फुसं दबतात. रक्तात सेव्होफ्लुरेन किती विरघळतं याचा आकडा मॉडेलकडे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत आहे. दाढीचा नाही.

एक गोष्ट मला उमगायला मात्र वेळ लागला, आणि ती पुस्तकात होतीच. मॉनिटरचा आकडा हासुद्धा एक अंदाजच आहे. मसाल्याच्या गाळ्यावर आयुष्य काढलेले एक काका होते, विडी चाळीस वर्षं. त्यांच्या कॅप्नोग्राफची, म्हणजे श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाची, रेघ सपाट होण्याऐवजी तिरकी चढत जायची, म्हणजे फुप्फुसाचे काही भाग हवा घेत होते पण रक्त घेत नव्हते, आणि काही भाग उलट. अशा फुप्फुसांत श्वासातला आकडा जास्त दिसतो आणि धमनीतल्या रक्तात औषध त्याहून कमी असतं. मॉनिटर 1.8 दाखवत होता. मेंदूला किती मिळत होतं? त्याहून कमी. किती कमी, हे ना यंत्र सांगत होतं ना फोन. म्हणजे जे मोजलं म्हणून मी डायरीच्या उजव्या रकान्यात लिहीत होते आणि ज्याच्याशी ताडून डाव्या रकान्याला पास-नापास करत होते, त्या उजव्या रकान्याची परीक्षा कोण घेणार?

तरीही वायूने भूल देणारे आम्ही नशीबवान. शिरेतून प्रोपोफॉल देणाऱ्या पंपांतही मॉडेलच असतं. त्यातलं एक प्रसिद्ध मॉडेल, 1998 मधलं श्नायडरचं, फक्त 24 स्वयंसेवकांवर बेतलेलं आहे. रक्तातलं प्रोपोफॉल ओटीत मोजता येत नाही, त्यामुळे पंप सांगेल ते ऐकायचं. आणि वीस-तीस टक्के इकडेतिकडे असणार हे धरूनच चालायचं. आमच्याकडे निदान दर श्वासाला खुलासा येतो.

पुण्याची उंची हाही एक लहानसा किस्सा. मुंबईहून इथे आलेली एक मैत्रीण म्हणायची, पुण्याच्या हवेत भूल कमी चढते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. भूल टक्क्यांनी चढत नाही, दाबाने चढते. पण नेहमीच्या व्हेपोरायझरची गंमत अशी, की दाब कमी झाला की त्यातून वाफ टक्क्यांत थोडी जास्त निघते आणि हिशेब आपोआप जुळतो. डेसफ्लुरेनचा विजेवर तापणारा व्हेपोरायझर तेवढा अपवाद. तो टक्के धरून बसतो, म्हणून उंचावर त्याचा दाब कमी पडतो. पाचगणीला ते लक्षात ठेवावं लागेल. पुण्यात मैत्रिणीला जे वाटत होतं ते बहुतेक पुणेकर पेशंटमुळे असावं.

आता आजींबद्दल. मंडईत पालेभाजीचा ओटा, सासूकडून आलेला. पित्ताशयात खडे. आदल्या संध्याकाळी मी तपासायला गेले तर त्यांनी माझीच तपासणी सुरू केली.

‘मॅडम, औषध मोजून देणार का अंदाजानं?’

‘सुरुवात अंदाजानं, आजी. मग मोजत राहायचं.’

‘मग ठीक. मीपण वांगं हातात घेतलं की पाव किलो कळतं. तरी गिऱ्हाइकाला काट्यावर टाकूनच देते.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि काटा बिघडला तर?’

‘तर तुमच्याकडे बघायचं.’

हे त्यांना पटलं. मग मी वय विचारलं. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जून 1965. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून महाराष्ट्रात लाखोंची जन्मतारीख आहे. आजी शाळेत गेल्याच नव्हत्या, तरी त्यांच्या वाट्याला ती आलीच. ‘पानशेतचा पूर आठवतो का?’ मी विचारलं. पुण्यात वय काढायचा हा माझा जुना उपाय.

‘आठवतो म्हणजे? धाकट्या भावाला कडेवर घेऊन पर्वतीवर पळाले मी.’

12 जुलै 1961. भावाला कडेवर घेऊन पळायचं तर मुलगी आठ-नऊ वर्षांची तरी हवी. कार्डावरची बाई सत्तावन्न वर्षांची, आणि माझ्यासमोर बसलेली सत्तरीला टेकलेली.

हे भुलीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी वायूची गरज सहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. मेपल्सननेच 1996 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून हे सूत्र मांडलं. नव्या यंत्रांत ते बसवलेलं असतं. वय टाकलं की ‘तुमचा पेशंट इतका खोल आहे’ असा एकच आकडा यंत्र देतं. सत्तावन्न टाकलं तर सेव्होफ्लुरेनचं प्रमाण माप 1.6च्या आसपास, सत्तर टाकलं तर 1.5. फार फरक नाही, मान्य. पण सूत्र दशांशापर्यंत काटेकोर आणि त्यात घालायचं वय गुरुजींच्या मर्जीवर, याचं मला हसू येतं. आणि कित्येकदा वय घातलेलंच नसतं. घाईच्या सकाळी यंत्र आधीच्या पेशंटचं वय धरून बसलेलं असतं, नाहीतर कारखान्यातून आलेलं चाळीस. पडद्यावरचा आकडा तरीही तितक्याच आत्मविश्वासाने चमकतो.

आणि त्या आकड्याचा अर्थ तरी काय? प्रमाण माप म्हणजे असं प्रमाण, ज्यावर चामडीला काप दिला तर निम्मे लोक हलत नाहीत. उरलेले निम्मे हलतात. माप चुकलं असं त्यात नाही. मापाची व्याख्याच ती आहे. म्हणजे फुप्फुसांतली पातळी मॉडेलने तंतोतंत सांगितली, मॉनिटरने दुजोरा दिला, वयही खरं घातलं, तरी समोरची व्यक्ती कुठल्या निम्म्यात आहे ते उरतंच. रोज पिणाऱ्याला जास्त लागतं. अंग गार पडलं तर कमी. गरोदर बाईला चांगलंच कमी, पाव ते तिसरा हिस्सा कमी. अशी यादी आम्हाला पाठ आहे. पण यादीत न बसणारी माणसंही टेबलावर येतात.

गरोदर बाईवरून आठवलं. 1990च्या दशकाच्या शेवटची गोष्ट, अनंत चतुर्दशी. त्या दिवशी मंडईच्या पेठांत ठरवलेली ऑपरेशनं कुणी ठेवत नाही. टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघाली की रस्ते बंद, मग तुम्ही सर्जन असा नाहीतर पोलीस आयुक्त. दुपारी फोन आला: बाळाची नाळ आधी बाहेर आलीय, ताबडतोब या. मी बॅग डोक्यावर धरून दोन ढोलपथकांच्या मधून वाट काढत गेले. स्वयंसेवकांनी दोर उचलून धरला, एवढं मात्र पुणेकरांना मानलं पाहिजे.

अशा वेळी मणक्यात सुई घालायला वेळ नसतो. थायोपेंटोन, स्कोलिन, नळी, आणि मग अर्धा नायट्रस, अर्धा ऑक्सिजन, अर्धा टक्का हॅलोथेन. गर्भाशय सैल पडून रक्तस्राव होऊ नये आणि बाळ गुंगीत येऊ नये म्हणून त्या काळी आम्ही एवढंच देत असू. आता मॉडेलच्या नजरेने बघा. हॅलोथेन रक्तात खूप विरघळतं, म्हणून हळू चढतं. गरोदर बाईचं हृदय जास्त रक्त फेकतं, म्हणून आणखी हळू. तिचा श्वास जोरात आणि फुप्फुसात साठवण कमी, म्हणून उलट लवकर. या दोन गोष्टी एकमेकींना किती मारतात हे 70 किलोच्या पुरुषावर बेतलेल्या चित्राला विचारून उपयोग नाही. थायोपेंटोन काही मिनिटांत उतरू लागतं, आणि वायू अजून चढतोय. मधल्या त्या फटीत काप पडतो. डायलवर अर्धा होता. फुप्फुसांत काय होतं ते सांगायला खोलीत काहीही नव्हतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, पाणी येतंय का. नाडी बघत होते. कपाळावरचा घाम बघत होते. खिडकीच्या काचा ढोलांनी थरथरत होत्या.

बाळ रडलं. आई नीट जागी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला ते ठरलेले प्रश्न विचारले. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जागं झाल्यावरचं पहिलं काय? आणि मध्ये काही?

‘ढोल ऐकू येत होते,’ ती म्हणाली.

‘कधी? झोपायच्या आधी की नंतर?’

‘ढोल तर दिवसभर होतेच ना.’

यापलीकडे मी तिला खोदून विचारू शकले नाही. विचारलं असतं तर नसलेली आठवण मीच तिच्या डोक्यात घातली असती. दुखलं का? नाही. बोलणं ऐकू आलं का? नाही, फक्त ढोल. सकाळपासून तेच चालू, ऑपरेशनच्या आधी, नंतर, आणि रात्रभर. ती फटीत जागी होती की नव्हती हे मला कधीच कळणार नाही.

2014 मध्ये ब्रिटनमधला मोठा अहवाल आला, भूल चालू असताना जाग आल्याच्या तक्रारींचा. एकूण प्रमाण सुमारे 19,000 भुलींत एक. संपूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये मात्र सुमारे 670त एक. मी तो आकडा वाचला तेव्हा खिडकीच्या काचा आठवल्या. ज्या पहिल्या काही मिनिटांत मॉडेल सगळ्यात कच्चं असतं, त्याच मिनिटांत सिझेरियन होतं. सपाटीवर अचूक असून त्या बाईला काय उपयोग?

माझ्या डायरीतून निघालेली तक्रार हीच. मॉडेल जिथे तपासता येतं, तिथे एजंट मॉनिटर असतो, आणि मॉनिटर असला की मॉडेलची फारशी गरज राहत नाही. जिथे मॉनिटर नसतो, त्या पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर अंदाजाची खरी गरज, आणि तिथे तो बरोबर आला की चूक हे सांगणारं कुणी नाही. गणित वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट बेन सर्किटवर सहा लिटर ताजा वायू ओतत भूल द्यायची तेव्हा डायल आणि आत जाणारं प्रमाण जवळजवळ सारखंच असतं, आणि बाकीचा हिशेब डोक्यात धरून मी हजारो माणसं सुखरूप झोपवली आणि उठवली. पण सेव्होफ्लुरेन महाग आहे. ते वाचवायचं तर प्रवाह कमी करायचा, अर्ध्या-एक लिटरवर आणायचा. श्वास सर्किटमध्ये परत परत फिरवायचा. आणि प्रवाह कमी केला की डायल एक सांगतो आणि फुप्फुसांत भलतंच असतं. म्हणजे पैसे वाचवायची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते वाचवताना आंधळेपणाचा धोका. मंडईजवळच्या एका डॉक्टरांना मी कितीतरी दिवस मॉनिटर घ्या म्हणून भुणभुण लावली होती. ते म्हणायचे, ‘मॅडम, या मॉनिटरच्या पैशांत मला आणखी एक बॉईल्स येतं.’ शेवटी त्यांनी कुठूनसा जुना घेतला. तो चालतो. दर काही महिन्यांनी तो मापून घ्यावा लागतो, म्हणून त्याच्यावर त्यांचा राग आहे.

मोठ्या हॉस्पिटलांत आता याच्याही पुढची यंत्रं आली आहेत. श्वासातलं प्रमाण किती हवं ते सांगायचं, डायल यंत्र स्वतः फिरवतं. काही पडद्यांवर पुढच्या मिनिटांचा अंदाज रेघेने काढलेला असतो. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचे भूलतज्ज्ञ रॉस केनेडी यांनी असा पडदा फार आधी करून बघितला होता. मला ही रेघ आवडते. आकड्यासाठी नाही, कलासाठी. आता डायल कमी केला तर दहा मिनिटांनी कुठे असू, हे ती मला माझ्या डोक्यापेक्षा बरं सांगते. हमाल असो की आजी, रेघ पाच-दहा टक्के इकडेतिकडे असली तरी तिची दिशा क्वचितच चुकते, आणि ऑपरेशनच्या शेवटी मला दिशाच हवी असते.

कारण मंडईत जाग येण्याची वेळ हा जिन्याचा प्रश्न आहे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही. पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल तर दोन मामा त्याला खुर्चीत बसवून एक मजला खाली नेतात. अर्धवट असेल तर ओटीतच ठेवावा लागतो आणि पुढची केस खोळंबते. म्हणून डायल शेवटच्या टाक्याच्या आधी बंद करायचा. किती आधी, हे गणित देतं: प्रमाण मापाच्या तिसऱ्या हिश्शाखाली उतरलं की बहुतेक लोक हाकेला डोळे उघडतात. तासाभराच्या केसमध्ये, कमी प्रवाहावर, इतकी मिनिटं. प्रवाह वाढवला तर इतकी. फोन काढून मी हे सांगू शकते, आणि ते बऱ्यापैकी खरं निघतं.

एकच अट असते. शेवटचा टाका कधी पडणार ते आधी कळायला हवं.

‘सर, किती वेळ?’

‘झालंच. पाच मिनिटं.’

सर्जनची पाच मिनिटं. मी डायल बंद करत नाही. घड्याळाकडे बघत नाही, फोनकडे बघत नाही. सिस्टरने सुईत कुठला धागा ओवला ते बघते. चामडीचा धागा निघाल्यावर हात डायलकडे नेते, आणि तेवढ्यात सर म्हणतात, ‘जरा सक्शन द्या, इथे एक पॉइंट ऊझ होतोय.’